पाय न टेकता

४ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी ‘सायकल’ म्हटलं ते तू ‘सासर’ ऐकलंस आणि आईला फोन करून विचारलंस की मला आधी का नाही सांगितलं. त्यानंतर घरात जो गोंधळ झाला तो निस्तरताना माझ्या नाकी नऊ आले. तेव्हा पत्रच बरं.

तर सासर नाही, सायकल. विम्याच्या ऑफिसातली नोकरी मी सोडली. बाबांनी अजून नीट गिळलेलं नाही, पण जेवायला एका टेबलावर बसतात, एवढी प्रगती आहे. आता मी एका सायकलच्या दुकानात काम करते. आमचे दुकानदार दर सुट्टीला पंचवीस-तीस लोकांना घेऊन लांबच्या सफरीला जातात, आणि तेही डांबरी रस्त्याने नाही. मुरूम, खडी, बांध, शेताच्या कडेच्या वाटा असं सगळं. जाड टायरच्या सायकली असतात, हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे खडीवर घसरत नाहीत. तू एकदा बसून बघ, तुझ्या लाँचपेक्षा कमी हादरते.

दुकानदारांनी मला एक काम दिलंय. नदीवरच्या जुन्या पुलापासून समुद्रावरच्या दीपगृहापर्यंत, नदीच्या काठाकाठाने जाणारी एक वाट शोधायची. अट एकच: वाट सलग हवी, हायवेला कुठेही चाक लागता कामा नये. मार्चमध्ये सगळे ती चालवून बघणार. जमली, तर दुकानाच्या सगळ्या वाटा ठरवायचं काम माझं. नाही जमली, तर मी पुन्हा ऑफिसात जाईन असं बाबांना कबूल करून बसलेय. माझी खुर्ची ऑफिसने अजून भरलेली नाही म्हणे. त्या खुर्चीच्या आठवणीनेच माझी पाठ दुखायला लागते.

तू जन्मभर त्या नदीच्या तोंडाशी लाँच चालवतेस. मला एवढंच सांग, कुठल्या काठाने येऊ?

तुझी
भिंगरी


९ जानेवारी

भिंगरे,

नोकरी सोडलीस ते बरं केलंस. लहानपणी तुला खुर्चीत बसवायला दोघं लागायचे, ऑफिसने कसं बसवलं देव जाणे.

डाव्या काठाने ये. वाट थोडी चिखलाची आहे, खाडीचा एक फाटा मधे येतो, पण ओहोटी बघून निघालीस तर पार होशील. उजव्या काठाच्या वाटेलाच जाऊ नकोस. तिथे कुत्री आहेत. काटे आहेत. वाळू इतकी की चाक रुतून बसेल. शिवाय मधमाश्यांचं मोहोळ आहे आणि बांध दोन ठिकाणी खचलाय. थोडक्यात, नकोच.

सायकलीवर मीही बसत असे एके काळी. तुझ्या आईला विचार. माझी सायकल अजून मागच्या पडवीत आहे, कोंबड्या तिच्यावर बसतात.

आलीस की धक्क्यावर ये. माझी लाँच निळी आहे, मी जाड आहे, चुकणार नाहीस.

मावशी


२० जानेवारी

प्रिय मावशी,

जाऊन आले. आता तू एकदा डोळे तपासून घे, कारण तू सांगितलेल्या वाटेवर चिखल नव्हता, खाडीचा फाटा नव्हता, काहीच नव्हतं. जुन्या पुलापासून समुद्राकडे तोंड केलं आणि डावा काठ धरला. मावशी, काय वाट आहे ती. आधी शेतांच्या कडेने लाल मुरूम, रोलर फिरवल्यासारखा घट्ट. मग नदीला लागून उंच बांध, त्यावर बारीक खडी, टायरखाली नुसती कुरकुर. उजवीकडे पाणी, डावीकडे पाणथळ जमीन, त्यात लांब पायांचे पक्षी. वाऱ्यात समुद्राचा वास यायला लागला तेव्हा मी एकटीच जोरात गायला लागले, आणि पक्षी उडून गेले.

बांध संपत आला की एक लाकडी फाटक आहे. आडवं, वाटेच्या मधोमध. अलीकडे एक घर, शेड, शेळ्या. शेडमध्ये एक म्हातारेसे गृहस्थ दोर वळत बसले होते. मी उतरायला लागले तर म्हणाले, उतरू नकोस, दोरीचं टोक ओढ. खरंच सांगते, एका हाताने टोक ओढलं आणि गाठ सुटली. सायकलवरून न उतरता फाटक उघडायचं, पलीकडे जायचं, वळून पुन्हा तशीच गाठ मारायची. मला गाठ मारायला जमलं नाही, ती त्यांनी मारली. अशी सोय मी आजवर कुठल्याच वाटेवर पाहिली नाही.

त्यांनी चहा दिला. फारसं बोलत नाहीत. ही वाट कोणी सांगितली असं विचारलं. म्हटलं, मावशीने, ती तोंडाशी लाँच चालवते. मग हातातला दोर वळून पुरा केला आणि म्हणाले, “तिचा डावा कान कसा आहे आता?” मावशी, तुझा कान पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे तर.

तीस सायकली इथून न्यायच्या आहेत, चालेल का, असं मी विचारलं. तेव्हा ते म्हणाले, “मी एकटा कोण हो म्हणणारा? अर्धं फाटक माझं. उरलेल्या अर्ध्याला विचार.” उरलेलं अर्धं कोण ते काही सांगेनात. थोडे विक्षिप्त असावेत, पण मला आवडले. ते अर्धं कोण, तुला माहीत असेल तर कळव, मी जाऊन पाया पडते.

पुढे थेट दीपगृह. आणि तिथे पोचून बघते तो काय, तुझा धक्का समोरच्या काठावर. लाँच दुरुस्तीला काढलेली होती, आणि तू घरामागे कपडे वाळत घालत होतीस. मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. तू एकदा इकडे बघितलंस आणि टॉवेल झटकलास. शेवटी बसच्या टपावर सायकल टाकून परत आले.

आता सांग, तू डावीकडे राहतेस की उजवीकडे?

भिंगरी


२४ जानेवारी

भिंगरे,

पाण्यावरची माणसं डावं-उजवं समुद्रातून आत येताना धरतात. बाहेरून नदीत शिरताना जो डावा, तो डावा काठ. मी तसंच सांगितलं. तू उलटीकडून येणार हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि सायकलवाले स्वतःच्या हातावरून काठ मोजतात हेही मला माहीत नव्हतं. चूक दोघींची. यापुढे आपण धक्क्याचा काठ आणि फाटकाचा काठ म्हणू, म्हणजे भानगड नको.

फाटकाची वाट विसर. धक्क्याच्या काठाने नकाशा कर, शेवटी मी लाँचने दीपगृहाकडे सोडेन. उरलेलं अर्धं कोण याच्या चौकशीत पडू नकोस.

माझा कान बरा आहे.

एक विचारते, त्याचं तेवढं उत्तर दे. ती गाठ खरंच एका हाताने सुटली? की तुझ्या जोराने दोरी निसटली आणि तुला तसं वाटलं?

मावशी


१ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

खरंच एका हाताने. दोरीचा एक पीळ खांबाभोवती, मग एक फास, आणि टोक फासातून दुमडून बाहेर. टोक खाली लोंबत असतं, सायकलवर बसलेल्या माणसाच्या हाताला बरोबर लागेल इतकं. परत जाऊन पाहिलं असं समजू नकोस, माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता खरं सांगते. तुझं पत्र मी स्वयंपाकघरात आईला वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती. ‘फाटक’ ऐकलं तशी सुरी खाली ठेवली. मग सगळं सांगितलं तिने, हळू आवाजात, जसं काही बाबा दाराआड उभे आहेत. म्हणजे ते गृहस्थ माझे काका, तुझे यजमान. मी दुपट्यात होते तेव्हाची गोष्ट. तुम्ही दोघं तिथूनच होडी चालवायचात, माणसं पलीकडे नेऊन सोडायचात. हायवेचा पूल झाला, होडीला गिऱ्हाईक उरलं नाही. तुला तोंडाशी लाँचवर काम मिळालं. काका म्हणाले, स्वतःची होडी बंद पडल्यावर दुसऱ्याची लाँच चालवायची, त्यापेक्षा घरी बस. या फाटकाबाहेर गेलीस तर फाटक बंद. आणि तू म्हणालीस, या फाटकात पुन्हा पाय ठेवणार नाही. एवढंच. आई म्हणते, दोघंही सारखेच, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

मावशी, मी त्यांच्याकडचा चहा प्यायले आणि ते मला आवडले असं लिहिलं, त्याचं तुला काय वाटलं असेल. मला माहीत नव्हतं.

पण हेही ऐक. उरलेलं अर्धं फाटक तुझं आहे आणि तू नाही म्हणतेस, तर नाही म्हणजे नाही. मी पुन्हा विचारणार नाही, आईलाही विचारू देणार नाही. धक्क्याच्या काठाने वाट काढते. खाडीचा फाटा आहे ना, बघतेच त्याला.

तुझी
भिंगरी


८ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझी आई गोष्ट सांगते तेव्हा मीठ विसरते. दुरुस्ती करते.

तो माणूस ‘घरी बस’ म्हणाला नाही. तो म्हणाला, “माझ्याजवळ बस.” मला त्या वेळी दोन्ही सारखंच ऐकू आलं. आणि नीट ऐकू आलं असतं तरी मी बसले नसते, कारण मला पाणी सोडवत नव्हतं. त्याला होडी सोडवत नव्हती. तो अजून तिला डांबर लावतो, लाँचवरून दिसतं मला. वर्षानुवर्षं काठावर उलटी पडलेली होडी, आणि हा तिला डांबर लावतोय.

फाटकही दिसतं. रोज जाता-येता. रोज बंद. म्हटलं होतं तसं त्याने केलं, मी म्हटलं होतं तसं मी केलं, यात कोणाची तक्रार नव्हती.

आता गाठीचं. होडीला डिझेल लागायचं. ते मी सायकलवरून धक्क्यासमोरच्या उताऱ्यावरून, म्हणजे लाँच माणसं उतरवते तिथून, आणायची, कॅन हँडलला अडकवून. शेळ्यांमुळे फाटक बंद ठेवावं लागे. दर वेळी उतरलं की कॅन हिंदकळायचा आणि साडी डिझेलने भिजायची. एकदा मी वैतागून म्हटलं, मला पाय न टेकता उघडेल असं काहीतरी कर, नाहीतर तूच आण डिझेल. त्याने ती गाठ बसवली. दिवसभर शेळ्या सोडून फाटकाशी बसला होता. ती गाठ दुसरीकडे कुठे नाही, म्हणूनच तू आजवर पाहिली नाहीस.

मी गेल्यावर ती मारायचं काही कारण नव्हतं. शेळ्यांना कुठलीही गाठ चालते.

पण याने काही बदलत नाही. मी नाही म्हटलंय. खाडीच्या फाट्याचं पाणी पौर्णिमेच्या आसपास फार चढतं, ते दिवस टाळ. बूट घट्ट बांध.

मावशी


२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

बूट घट्ट बांधले होते. तरी एक फाट्यातच राहिला. कुठल्या तरी खेकड्याचा आता स्वतःचा बंगला झालाय.

तीन वेळा गेले. पहिल्यांदा ओहोटीला, सायकल खांद्यावर घेऊन, गुडघाभर चिखलातून. पार झाले, पण ते काही सायकल चालवणं नव्हे, सायकलीने मला चालवणं झालं. दुसऱ्यांदा वर चढून फेरा मारायला गेले, तर वाट हायवेलाच जाऊन मिळते. तिसऱ्यांदा दगड आणून फाट्यात टाकले, एक चाक जाईल इतकी पट्टी केली. दुपारभर राबले. पलीकडे बसून डबा खाल्ला, आणि तेवढ्यात भरती आली आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळी पट्टी पाण्याखाली गेली. पाणी उतरल्यावर पाहिलं तर दगड इकडेतिकडे. नदीने माझं काम तपासून नापास केलं.

पण मी हात टेकलेले नाहीत. दुकानदारांनी ९ मार्च ठरवलाय. मी विचार करतेय की फाट्यावर दोन फळ्या टाकून काही जमतं का. फळ्या बाबांच्या माळ्यावर आहेत, त्यांच्या पलंगाच्या. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

एक मात्र मनाला लागलं. त्या दगडांना आठवडा होऊन गेला, आणि काल फळ्यांसाठी फाट्याचं माप घेऊन चिखलाने माखलेली तुझ्याकडे आले. दाराला कुलूप. धक्क्यावरचे तिकीटवाले म्हणाले, बाई दुपारी लाँच दुसऱ्याकडे सोपवून कुठेतरी जातात, आठवडाभर असंच चाललंय, गुडघ्याला पट्टी बांधलेली असते, विचारलं तर पायरीवरून घसरले म्हणतात. मी अंधार पडेपर्यंत पायरीवर बसले होते. त्या पायरीवरून मांजरसुद्धा घसरणार नाही.

मावशी, तू दवाखान्यात जातेस का? की माझ्यावर रागावून मला टाळतेस? काहीही असलं तरी लिही. वाट गेली खड्ड्यात, तू महत्त्वाची.

भिंगरी


२६ फेब्रुवारी

भिंगरे,

फळ्या माळ्यावरच राहू देत. तुझ्या बाबांचा पलंग मोडून तुझी नोकरी टिकायची नाही.

मी आजारी नाही, रागावलेलीही नाही. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे मोकळी जागा आहे, तिथे असते मी दुपारची. कोंबड्यांना उठवून सायकल बाहेर काढली. टायर बदलले, जाड घातले, तू म्हणालीस तसे. हवा कमी ठेवली. चालवणं विसरत नाही माणूस, ते पहिल्याच दिवशी आलं. अवघड आहे ते थांबणं. पाय न टेकता थांबायचं, एका हाताने खांब धरायचा, दुसऱ्याने दोरी ओढायची. कारखान्याच्या गेटचा एक खांब अजून उभा आहे, त्याच्याशी सराव करते. त्याच्याशी जितक्या वेळा धडकले तितक्या वेळा कोणी माझ्या लाँचला धडकलं असतं तर मी त्याला पोलिसांत दिलं असतं. दोन्ही गुडघे फुटले. काल मात्र पाच वेळा ओळीने जमलं, आणि मी एकटीच हसत सुटले.

का, ते सांगते. तू पुन्हा विचारलं नाहीस म्हणून. तू विचारत राहिली असतीस तर मी नाही म्हणत राहिले असते, तो माझा हातखंडा आहे. पण तू फाट्यात दगड टाकत बसलीस. मी लाँचवरून बघत होते. भरती येणार मला ठाऊक होतं, आणि तुला हाक मारून सांगणं जमेल इतकी मी जवळ नव्हते. ते दगड वाहून जाताना बघून मला वाटलं, ही पोर माझ्या हट्टाखातर चिखलात उतरलीय आणि तिकडे घट्ट मुरमाची वाट मोकळी पडलीय.

तर मी हो म्हणते. अर्ध्या फाटकाची हरकत नाही, एवढंच त्या माणसाला कळव. बाकी एक अक्षर नको. तारीख तेवढी त्याला सांग.

माझी अट एक. ९ तारखेला ते फाटक तुमच्यासाठी मी उघडणार. सकाळी लवकर मी तिथून वर येईन आणि तुम्हा सगळ्यांना वळणापाशी गाठेन.

आणि त्या फाटकात पाय ठेवणार नाही असं मी म्हटलंय, ते म्हटलंय. तू हात टेकू नकोस, मी पाय टेकत नाही.

मावशी


१२ मार्च

प्रिय मावशी,

आधी बातमी. वाट पास झाली. दुकानदार दीपगृहाच्या पायथ्याशी आडवे झाले आणि आभाळाकडे बघत म्हणाले, ही पहिली सफर प्रत्येक हंगामाची. सगळ्यांदेखत मला म्हणाले, उद्यापासून वाटा तुझ्या. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते रात्री माझ्या सायकलची साखळी पुसताना दिसले, त्यांच्या जुन्या बनियनने. खुर्ची भरा असं ऑफिसला आज कळवून टाकलं.

लोकांच्या तोंडी मात्र वाटेपेक्षा तूच जास्त. वळणावर साडी खोचून, हेल्मेट उलटं घालून तू उभी होतीस, म्हणजे उभी नाही, एका झाडाला धरून सायकलवरच बसली होतीस. दुकानदारांनी मला हळूच विचारलं, या कोण? म्हटलं, अर्धं फाटक. मग तू पुढे आणि तीस जण तुझ्या मागे. बांधावर वारा समोरून होता, भल्याभल्यांनी मान खाली घातली, तू काही घातली नाहीस.

पण माझं नशीब बघ. नेमका शेवटच्या भिडूचा टायर फुटला आणि मी मागे अडकले. तू फाटक कसं उघडलंस ते सगळ्यांनी पाहिलं, फक्त मीच नाही. मी पोचले तेव्हा तुम्ही पुढे निघून गेला होतात. फाटक बंद होतं. गाठ तीच, दोरी मात्र नवी कोरी, पिवळी. काका शेडमध्ये पाठ करून बसले होते. आणि फाटकाच्या खांबावर चहाचे दोन रिकामे ग्लास होते.

तीस माणसं गेली आणि ग्लास दोन. म्हणजे ते त्यांचे नव्हेत, त्याआधीचे. सकाळी तू एकटी गेलीस तेव्हाचे.

दीपगृहापाशी मी तुला विचारायला आले तर तू डावा कान पुढे केलास आणि म्हणालीस, ऐकू येत नाही. मावशी, पत्राला कान लागत नाहीत. काय झालं ते लिही.

तुझी
भिंगरी


१७ मार्च

भिंगरे,

साखळी पुसली म्हणजे तुझ्या बाबांनी गिळलं. अभिनंदन.

फार काही झालं नाही. पहिल्या लाँचने पलीकडे गेले. इतकी वर्षं चालवली, उतारू म्हणून पहिल्यांदाच बसले, आणि नवा चालक धक्क्याला लावताना चुकतो हे लक्षात आलं. उताऱ्यावरून बांधाला लागले. खडी तशीच आहे. कुठे वळायचं ते मला आठवावं लागलं नाही.

फाटक लांबून दिसलं तेव्हा मनात आलं, गाठ बदलली असेल तर? तू पाहिलंस त्याला महिना होऊन गेला होता, आणि माझा होकार मिळाल्यावर त्याने कुलूपही लावलं असतं, माणसाचा काय नेम. मग मी उतरले असते का? नसते उतरले. वळून परत गेले असते आणि तुझी वाट बुडाली असती. जवळ गेले. दोरी नवी होती, टोक खाली लोंबत होतं. पूर्वी होतं त्याहून थोडं खाली. माझे खांदे उतरलेत, हे शेडमध्ये बसून कोणाला कसं कळलं असेल, तूच सांग.

ओढली. सुटली. आत गेले, वळले, खांब धरला, बंद केलं, गाठ मारली. बोटांनी आपापलं काम केलं.

तुझे काका शेडच्या दारात येऊन उभे होते. केस सगळे गेलेत. त्यांनी काहीतरी विचारलं ते मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, “त्या बाजूने नाही, इकडून या.” तशी सायकलला वळसा घालून उजव्या बाजूला आले. होडीत इंजिन माझ्या डाव्या अंगाला असायचं, तेव्हाही ते असेच वळसा घालून यायचे बोलायला. मग पुन्हा विचारलं, चहा टाकू का.

म्हटलं, मला पाय टेकायचा नाही. म्हणाले, टेकू नकोस.

चहा तिथेच आणला, फाटकाशी. मी सायकलवर, एक हात खांबाला. ते उभे. शेळ्या माझं पुढचं चाक चाटत होत्या. मग मीच म्हटलं, रोज लाँचवरून बघते, फाटक रोज बंद असतं. ते म्हणाले, “बंद नव्हतं. बांधलेलं होतं.”

भिंगरे, रडू आलं, आणि एका हातात ग्लास, दुसरा खांबाला, पुसायला हात उरला नाही. त्यांनी दोर वळताना हात पुसायचा पंचा पुढे केला. त्याला तेलाचा वास येत होता.

मग तुमची वेळ होत आली म्हणून निघाले. होडीला डांबर कशाला लावता एवढं, असं जाता जाता विचारलं. म्हणाले, कधी पाण्यात टाकावी लागली तर. ते मला स्पष्ट ऐकू आलं.

चहात साखर फार होती. पूर्वीही घालायचे. काल गेले तेव्हाही बोलायचं राहून गेलं, पुढच्या खेपेला सांगेन.

मावशी